यामाहा आरडी ३५० आणि आपली राजदूत ३५०: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही दोन सायलेन्सरची मोटरसायकल टपरीसमोर उभी करून चहा घ्यायला बसलं की दहा मिनिटांत कुणीतरी जवळ येतंच. आधी सायलेन्सर मोजतात, मग टाकीवरचं नाव वाचतात आणि मग प्रश्न सुरू होतात. गेली कित्येक वर्षं प्रश्न तेच आहेत, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. एक गोष्ट आधीच सांगतो. या गाडीबद्दलचे निम्मे वाद जपानी आरडीचे आकडे आपल्या राजदूतला चिकटवल्यामुळे होतात. खाली दोन्ही वेगळे ठेवले आहेत.

आरडी ३५० आणि राजदूत ३५० एकच ना?

बहिणी आहेत, जुळ्या नाहीत. यामाहाने आरडी ३५० जपानमध्ये १९७३ ते १९७५ या काळात बनवली. तिच्यावरून फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या परवान्याखाली १९८३ मध्ये राजदूत ३५० बाजारात आणली, आणि त्या दशकाच्या शेवटापर्यंत ती बनत राहिली. म्हणजे आपल्याकडे नवीकोरी म्हणून आली तेव्हा मूळ गाडी बंद होऊन आठ वर्षं झाली होती. इंजिनाचा सांगाडा तोच, बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) तोच, गिअर सहाच. पण ताकद कमी केलेली आणि पुढचा ब्रेक वेगळा. लोक मात्र दोघींनाही ‘आरडी’च म्हणतात. मीही म्हणतो.

‘आरडी’चा अर्थ काय?

‘रेस डेव्हलप्ड’ असा अर्थ सर्रास सांगितला जातो आणि तो या गाडीला शोभतोही. यामाहाच्या त्या काळच्या ३५० सीसी रेसिंग गाड्यांचं बोअर-स्ट्रोकही ६४ बाय ५४ मिमीच होतं. १९७३ साली फिनलंडच्या यार्नो सारिननने अमेरिकेतली डेटोना २०० ही शर्यत ३५० सीसीच्या यामाहावर जिंकली, समोर ७५० सीसीच्या गाड्या असताना. त्याच वर्षी मे महिन्यात मोंझाच्या शर्यतीत तो गेला. शोरूममधली आरडी म्हणजे ती रेसर नव्हे. रेसर पाण्याने थंड होणारी, ही हवेने. पण घराणं एक.

मूळ जपानी आरडी ३५० चे तांत्रिक तपशील एका ठिकाणी मिळतील का?

घ्या.

इंजिन: टू-स्ट्रोक, पॅरलल ट्विन, हवेने थंड होणारं, रीड व्हॉल्व्हचं
क्षमता: ३४७ सीसी
बोअर आणि स्ट्रोक: ६४ मिमी × ५४ मिमी
कॉम्प्रेशन: ६.६ : १
ताकद: ३९ हॉर्सपॉवर, ७,५०० आरपीएमला
टॉर्क: ३.८ किलोग्रॅम-मीटर, ७,००० आरपीएमला
कार्ब्युरेटर: दोन मिकुनी, २८ मिमी
तेल: ऑटोल्यूब पंप, वेगळी तेलाची टाकी
इग्निशन: बॅटरी-कॉइल, दोन पॉइंट, १२ व्होल्ट
स्पार्क प्लग: एनजीके बी-८एचएस
गिअर: सहा
पुढचा ब्रेक: डिस्क; मागचा ब्रेक: ड्रम
टायर: पुढे ३.००-१८, मागे ३.५०-१८
व्हीलबेस: १,३२० मिमी
वजन: कोरडं सुमारे १४३ किलो, पेट्रोल-तेल भरलं की दीडशेच्या पुढे

यातली ताकद, टॉर्क आणि पुढचा ब्रेक हे तीन आकडे राजदूतला लागू नाहीत. राजदूतची ताकद आणि ब्रेक खाली येतील.

३४७ सीसीला ३५० का म्हणतात?

हिशेब करून बघा. बोअर ६.४ सेंटीमीटर, स्ट्रोक ५.४. एका सिलिंडरचं आकारमान होतं १७३.७ घनसेंटीमीटर, दोन्ही मिळून ३४७.४. वरचे अडीच सीसी टाकीवरच्या स्टिकरसाठी. सगळे उत्पादक हेच करत, त्यात गैर काही नाही. उलट थोडी जागा राखलेली बरी असते. बोअर मारून पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकता येतात, आणि पहिल्याच मापाला गाडी ३५० च्या किंचित पुढे जाते. शेवटच्या मापानंतर मात्र नवी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर.

पॅरलल ट्विन म्हणजे नक्की काय? बुलेटपेक्षा आवाज इतका वेगळा का?

दोन सिलिंडर शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून उभे, खाली एकच क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली जाण्याचं फिरण्यात रूपांतर करणारा दांडा. आरडीच्या क्रँकवर दोन्ही पिन एकमेकींच्या बरोबर विरुद्ध, म्हणजे १८० अंशांवर. डावा पिस्टन वर तेव्हा उजवा खाली. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला स्फोट होतो, त्यामुळे अर्ध्या अर्ध्या फेरीला एक एक स्फोट, अगदी सारख्या अंतराने. ७,५०० आरपीएमला दोन्ही मिळून मिनिटाला १५,००० स्फोट, म्हणजे सेकंदाला २५०. एका सिलिंडरची फोर-स्ट्रोक बुलेट ५,००० आरपीएमला सेकंदाला जेमतेम ४२ वेळा पेटते. बुलेटचे ठोके मोजता येतात, आरडीचा सूर होतो. खाली सायकलचा खुळखुळाट, वर कापड फाडल्यासारखा आवाज. मधे ४,००० च्या आसपास एक जागा आहे जिथे आवाज बदलतो, आणि ज्याला ती जागा एकदा कळली तो पुढे वर्षानुवर्षं पेट्रोलचं बिल निमूट भरतो.

रीड व्हॉल्व्हमुळे काय फरक पडला?

आरडीच्या आधीची यामाहाची ३५० म्हणजे आर-५. तिच्यात पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घ्यायचं दार पिस्टनच उघडायचा आणि मिटायचा. अडचण अशी की पिस्टन खाली यायला लागला तरी दार क्षणभर उघडंच राहायचं आणि आत घेतलेलं मिश्रण उलटं कार्ब्युरेटरमध्ये फेकलं जायचं. कमी आरपीएमला हे जास्त.

रीड व्हॉल्व्ह म्हणजे पातळ पोलादी पात्यांचं एकतर्फी दार. आतला दाब कमी झाला की पाती उघडतात, दाब वाढला की आपोआप मिटतात. आत गेलेलं परत बाहेर नाही. यामाहाने याला ‘टॉर्क इंडक्शन’ असं नाव दिलं. त्याचा दुसरा फायदा असा की पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या, मोठे आणि जास्त वेळ उघडे ठेवता आले. आरडीच्या सिलिंडरमध्ये सात पोर्ट आहेत: एक आत घेणारा, एक बाहेर सोडणारा, बाकी सगळे मिश्रण वर नेणारे. म्हणून ही गाडी ट्रॅफिकमध्येही कण्हत नाही आणि वर गेल्यावरही दम सोडत नाही. त्या काळच्या टू-स्ट्रोकमध्ये या दोन्ही गोष्टी सहसा एकत्र मिळत नसत.

पाती चिरतात किंवा त्यांच्या कडा उचलल्या जातात. सकाळी गाडी दहा किकांशिवाय सुरू होत नसेल आणि प्लग, पॉइंट ठीक असतील, तर कार्ब्युरेटर काढून पाती उजेडासमोर धरा. फट दिसली तर बदला.

कॉम्प्रेशन फक्त ६.६? मग एवढी पळते कशी?

हा प्रश्न फोर-स्ट्रोकवाले विचारतात, आणि बरोबर विचारतात. जपानी उत्पादक टू-स्ट्रोकचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, एक्झॉस्ट पोर्ट मिटल्यापासून पुढे मोजतात, पिस्टन तळाला असल्यापासून नव्हे. पोर्ट उघडा असताना दाब साठतच नाही, मग ती वाट धरायची कशाला? तळापासून मोजलंत तर आकडा बराच मोठा येईल. दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

राजदूतची ताकद जपानी गाडीपेक्षा कमी का?

कारण मागणी ॲव्हरेजची होती, म्हणजे लिटरला जास्त किलोमीटरची. आपल्याकडे पहिली आली ती हाय टॉर्क, लोकांच्या तोंडी ‘एचटी’. ताकद ३०.५ हॉर्सपॉवर, ६,७५० आरपीएमला. मूळ ३९ पैकी साडेआठ गायब. तरीही पेट्रोल पिते अशी ओरड झालीच, म्हणून पुढे लो टॉर्क ‘एलटी’ आली, २७ हॉर्सपॉवरची. एक्झॉस्टची वाट आवळली, पोर्टिंग मवाळ केलं. नावात टॉर्क असला तरी खरा मुद्दा पेट्रोलचा होता.

आता हे आकडे त्या काळात ठेवून बघा. बुलेट ३५० ची ताकद तेव्हा १८ हॉर्सपॉवर होती. बाकीचा देश स्कूटरवर होता. म्हणजे कापलेली एलटीसुद्धा तिच्या काळातल्या बुलेटच्या दीडपट ताकदीची होती. आजही ‘अरेरे, एलटी आहे का’ असा चेहरा करणारे भेटतात. त्यांनी एकदा चालवून बघावी.

माझी एचटी आहे की एलटी, कसं ओळखायचं?

बाहेरून बघून छातीठोक सांगणारा माणूस बहुधा गाडी विकायला बसलेला असतो. चाळीस वर्षांत ब्लॉक (सिलिंडर) बदललेत, सायलेन्सर बदललेत, टाक्या रंगवल्यात. एचटीच्या पाट्यांखाली एलटीचे ब्लॉक आणि उलटही. खरी ओळख पोर्टची मापं घेऊन आणि एक्झॉस्टचं तोंड बघूनच होते, आणि त्यासाठी ब्लॉक उतरवावा लागतो. आरसी बुकातलं वर्ष फक्त अंदाज देतं: आधीच्या गाड्या एचटी, नंतरच्या एलटी.

तिला ‘यमदूत’ का म्हणायचे?

राजदूत-यमदूत हे यमक जुळलं म्हणून तर म्हणायचेच, पण यमक फुकट जुळलं नव्हतं.

जपानी आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे आली ती सात इंची ड्रम घेऊन. ड्रम ट्विन लीडिंग शू प्रकारचा, म्हणजे दोन्ही शू चाकाच्या फिरण्याबरोबर आत ओढले जाणारे. नीट लावलेला असेल तर पहिल्या दोन-तीन वेळा चांगला धरतो. पण तापला की सोडतो, पाणी गेलं तर सोडतो, आणि दोन शूंना जोडणारी दांडी एका आट्याने चुकली तरी अर्धाच चालतो. त्यावर टू-स्ट्रोकचं इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नाहीच. फोर-स्ट्रोकवाला थ्रॉटल सोडतो आणि गाडी मागे ओढल्यासारखी मंदावते. आरडीवर थ्रॉटल सोडला तर ती तशीच घरंगळत राहते. आता डोळ्यासमोर आणा: वीस वर्षांचा मुलगा, काल स्कूटरवरून उतरलेला, खाली तीस हॉर्सपॉवर, ताशी १५० च्या आसपास जाणारी गाडी, समोर १९८५ चा हायवे, आणि त्यात बैलगाडी आडवी.

दोष गाडीचा की चालवणाऱ्याचा, हा वाद मी घालत नाही. ताकद वीस टक्क्यांहून जास्त कापली आणि ब्रेक पन्नास टक्के, असा माझा हिशेब आहे. ज्याने तो निर्णय घेतला त्याने ती गाडी पावसात चालवली नसावी.

मग डिस्क बसवू का?

रोज चालवणार असाल तर जरूर. प्रदर्शनात मांडणार असाल तर ड्रम ठेवा, पण नवे शू, ड्रम घासून गोल केलेला, केबल नवी, आणि दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील अशी दांडी लावलेली. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि दहातले नऊ मेकॅनिक ते करत नाहीत.

घाट उतरताना इंजिन जाम होतं म्हणतात. खरं आहे?

खरं आहे, आणि चढताना नव्हे तर उतरतानाच. कारण समजून घ्या.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला आणि बेअरिंगला मिळणारं तेल पेट्रोलच्या मिश्रणाबरोबरच येतं. पेट्रोलमध्येच तेल मिसळत असाल, तर थ्रॉटल पूर्ण बंद म्हणजे तेलही बंद. खंबाटकी किंवा आंबोली उतरताना तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल मिटून बसता, चाकं इंजिनाला ५,००० ने फिरवतात, आणि आत पिस्टन कोरडा घासतोय. अशाने रिंग चिकटते, मागचं चाक अडकतं आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

उपाय सोपा. उतारावर दर काही सेकंदांनी क्लच दाबून थ्रॉटलला एक झटका द्या, आत थोडं तेल जाऊ द्या. आणि आरडीवर डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर असतात. जुने लोक बोलताना, हसताना, सिग्नल बघतानाही ती बोटं उचलत नाहीत. चाक अडकल्याचा पहिला धक्का जाणवला की विचार न करता क्लच. अर्ध्या सेकंदाचा खेळ आहे.

ऑटोल्यूब पंप काढून पेट्रोलमध्येच तेल टाकावं का?

गॅरेजमध्ये हा सल्ला हमखास मिळतो. मी त्याच्या विरोधात आहे. ऑटोल्यूब हा पंप दोन गोष्टी बघून तेल सोडतो: इंजिन किती फिरतंय आणि थ्रॉटल किती उघडा आहे. सिग्नलला कमी, हायवेला जास्त. हाताने मिसळलेलं तेल सगळीकडे एकाच प्रमाणात. म्हणजे गावात धूर आणि घाटात तहान. पंप बिघडल्याचं कळत नाही, हा विरोधकांचा मुद्दा मात्र खोटा नाही. म्हणून तेलाच्या टाकीची पातळी पेट्रोल भरताना दर वेळी बघा. उतरत नसेल तर पंप मेलाय. उतरत असेल तर जगलाय. इतकं सोपं.

पंपाची केबल थ्रॉटलबरोबर जुळलेली असावी लागते. कार्ब्युरेटर लावताना ती विसरली की मग ‘पंपामुळेच सीझ (जाम) झालं’ असं ऐकू येतं.

पंप आधीच काढलेला आहे. प्रमाण किती ठेवू?

लिटरला ४० मिली, म्हणजे २५ ला १. जुनं सांगणं २० ला १ चं, लिटरला ५० मिली, ते साध्या तेलाच्या काळातलं. आता जासो एफसी या जपानी दर्जाचं किंवा त्यावरचं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचं तेल) मिळतं, त्याला ४० पुरतं. नवा बोअर मारला असेल तर पहिल्या हजार किलोमीटरला ५० च ठेवा. आणि मापाचं भांडं वापरा. ‘अंदाजे एक झाकण’ हे माप नाही.

पांढरा धूर थांबतच नाही. सिलिंडर गेला का?

बहुतेक वेळा नाही. धूर गाडी गरम झाल्यावरही तसाच असेल आणि गिअरबॉक्सचं तेल गळती नसताना कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं, म्हणजे उजवं, क्रँक सील गेलंय. इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतंय. त्रास आहे, धोका नाही.

धोका डाव्या बाजूचा. तिकडे अल्टरनेटर आणि पॉइंट असतात. ते सील गेलं तर धूर नाही, गळती नाही, काही दिसत नाही. फक्त बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. गाडी नेहमीपेक्षा छान पळायला लागते. थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खाली यायला वेळ लावते. लोक खूश होतात, आणि आठवड्यात डावा पिस्टन वितळतो. माझा असाच गेला. गाडी एकदम मोकळी झाली म्हणून मी मित्रांना चहा पाजला होता.

ॲव्हरेज किती देते?

गावात वीसच्या आसपास. हायवेवर साठ-सत्तरने शहाण्यासारखं चालवलं तर पंचवीस ते तीस. शहाण्यासारखं कुणी चालवत नाही.

पॉइंट ठेवू की सीडीआय बसवू?

ही गाडी बॅटरीवर पेटते. बॅटरी पूर्ण उतरली तर किक मारमारून पाय सुजेल, ठिणगी पडणार नाही. अल्टरनेटरलाच आधी बॅटरीकडून वीज लागते. म्हणून सीडीआयकडे, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनकडे, वळणाऱ्यांना मी दोष देत नाही.

पॉइंट ठेवणार असाल तर नीट ठेवा. गॅप ०.३ ते ०.४ मिमी. मूळ आरडीचं टायमिंग पिस्टन वर पोहोचण्याआधी २ मिमी, आणि ते दोन्ही सिलिंडरना वेगवेगळं लावावं लागतं. त्यासाठी प्लगच्या भोकात डायल गेज हवं. सळई घालून, डोळे मिटून टायमिंग लावणारे उस्ताद आहेत, मी पाहिलेत, कधी कधी ते बरोबरही असतात. एक सिलिंडर मागे, एक पुढे असं टायमिंग असलं की एक प्लग काळा आणि एक पांढरा निघतो. दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवायची सवय लावा. दोन्हींचा रंग चहाच्या पावडरीसारखा तपकिरी आला की गाडी सुखी.

आताच्या इथेनॉल पेट्रोलचं काय?

ऑक्टेनची काळजी नको, साधं पेट्रोल या इंजिनाला पुरतं. अडचण इथेनॉलची. त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रण म्हणजे उष्णता. मेन जेट एक-दोन नंबर मोठे करून पुन्हा प्लगचा रंग बघा. दुसरं, इथेनॉल पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटरचे दोन्ही बाऊल रिकामे करा, नाहीतर गणपतीत सुरू करायला जाल तेव्हा आत हिरवट चिखल सापडेल. जुने रबरी पाइप आणि सील फुगतात, ते नव्या रबराचे घाला.

सुटे भाग मिळतात का?

मिळतात, पण ‘नवा’ या शब्दाला तीन अर्थ आहेत. एक, त्या काळातला, डब्यात राहून गेलेला अस्सल. तो सापडला तर भाव विचारू नका, घ्या. दोन, बाहेरून मागवलेला. जपानी आरडीसाठी अमेरिका-युरोपात अजून पिस्टन, रिंग, रीड, सील तयार होतात, आणि त्यातलं बरंच राजदूतला बसतं. तीन, आपल्याकडचा नकली. रबर, केबल, काच यांसाठी चालेल. पिस्टन आणि क्रँकच्या बेअरिंगसाठी नको. दिल्लीचं करोल बाग, मुंबईत कुर्ला, पुण्यात जुना बाजार इथे फेरी मारायला हरकत नाही. मात्र कॅलिपर खिशात असू द्या.

पंधरा वर्षं कधीच उलटली. रस्त्यावर चालवता येते का?

महाराष्ट्रात येते. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, त्यासाठी आरटीओत गाडी दाखवणं, पर्यावरण कर, विमा, पीयूसी. आता उच्च सुरक्षा नंबरप्लेटही. दिल्ली परिसरात जुन्या पेट्रोल गाड्यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत, तिकडून स्वस्तात मिळतेय म्हणून घेताना ना-हरकत प्रमाणपत्र आधी हातात घ्या.

‘व्हिंटेजमध्ये टाका’ असं सांगणारे भेटतील. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडीच व्हिंटेज ठरते. नोंदणीचे २०,००० रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला मनाई. पहिल्यातली पहिली राजदूत ३५० सुद्धा २०३३ च्या आधी त्यात बसत नाही.

एवढी चांगली होती तर चालली का नाही?

कारण देश दुसरीकडे निघाला होता. १९८४-८५ मध्ये शंभर सीसीच्या जपानी गाड्या आल्या: इंड-सुझुकी, हीरो होंडा, आणि एस्कॉर्ट्सचीच आरएक्स १००. लिटरला पंचवीस की साठ, हा प्रश्न पगारदार घरात एका वाक्यात सुटतो. शिवाय दोन पिस्टन, दोन कार्ब्युरेटर, दोन पॉइंट सांभाळणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावी नव्हता. तो गाडी उघडायचा आणि एका सिलिंडरचं टायमिंग दुसऱ्यावर अंदाजाने लावायचा. मग सीझ, मग बदनामी.

आरएक्स १०० हिचीच धाकटी ना?

रीड व्हॉल्व्ह आहे, टू-स्ट्रोक आहे, यामाहा आहे. पण ९८ सीसी, एक सिलिंडर, ११ हॉर्सपॉवर. घराणं तेच, स्वभाव वेगळा. आणि तिच्यासारखं ही घाईत गल्लीत वळत नाही.

जपानमध्ये आरडीचं पुढे काय झालं?

१९७६ ला आरडी ४०० आली: बोअर तेच ६४, स्ट्रोक ६२, क्षमता ३९९ सीसी. अमेरिकेत धुराचे नियम कडक होत गेले आणि तिथली हवेने थंड होणारी शेवटची आरडी १९७९ ची ‘डेटोना स्पेशल’ ठरली. युरोपात १९८० ला पाण्याने थंड होणारी आरडी ३५० एलसी उतरली, ४७ हॉर्सपॉवरची. म्हणजे आपल्याला १९८३ ला १९७३ ची गाडी मिळाली तेव्हा तिकडे एक पिढी पुढची धावत होती. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. एलसीचा रेडिएटर आपल्या मेकॅनिकांच्या हाती पडला असता तर काय झालं असतं, देव जाणे.

आजच्या ३५० शी तुलना केली तर?

आजच्या बहुतेक ३५० एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक आहेत आणि वीसच्या आसपास हॉर्सपॉवरच्या. त्यांचे ब्रेक, दिवे, टायर आरडीपेक्षा कितीतरी चांगले. दोनशे किलोमीटर जायचं असेल तर मी बिनदिक्कत आजची गाडी घेईन. आरडी मी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पहाटे साडेपाचला काढतो, खंडाळ्यापर्यंत जातो, वडा खातो आणि ऊन वाढायच्या आत परततो.

विकत घेताना काय बघू?

गाडी थंड असताना जा. मालकाने ‘तुम्ही येणार म्हणून आधीच सुरू करून ठेवली’ म्हटलं तर परत फिरा. इंजिन आणि चासीचे नंबर आरसीशी जुळवा. ठोकून बदललेले नंबर बोटाला खरखरीत लागतात. किक हाताने दाबून दोन्ही सिलिंडरचा दाब सारखा लागतो का बघा. क्रँकच्या डाव्या टोकाला वर-खाली हलवून बघा. ढिलं असेल तर क्रँक प्रेस करणं, बेअरिंग, सील, म्हणजे गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा. सिलिंडरचे पंखे, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या, तुटलेले आहेत का बघा. चकचकीत रंगाकडे शेवटी बघा.

प्रवासाला निघताना सोबत काय ठेवू?

दोन नवे प्लग, प्लग पाना, पॉलिश पेपरचा तुकडा, ०.३५ चं फीलर (पॉइंटची गॅप मोजायची पट्टी), एक क्लच केबल, अर्धा लिटर टू-टी ऑइल आणि चेनची एक लॉक लिंक. सीटखाली सगळं मावतं. प्लग बदलायची वेळ आली तर पाच मिनिटं थांबा, बिडी ओढत असाल तर ओढा, पण गरम हेडमधून प्लग ओढू नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे प्लगबरोबर बाहेर येतात.